कुएथची पोरं

बिएल: तो कागद पालथा ठेव आधी. पेनाला टोपण लाव. बस. एक गोष्ट सांगतो तुला, ती ऐक, मग तुला काय करायचं ते कर.

न्यारिएक: काका, मी गोष्टी ऐकायला नाही आले. आजीला हा कागद आपल्या भाषेत वाचून दाखवायचा, तिचा अंगठा घ्यायचा, की मी सुटले. उद्या नऊला वकीलबाईंच्या टेबलावर पाहिजे हा.

बिएल: आई झोपलीय. चर्चमधनं आली की तासभर पडते. उठली की वाच. तोवर च्या पी.

न्यारिएक: किती साखर आहे यात!

बिएल: च्या हाय तो, औषध न्हाई. तुझा बाप असल्या तीन कपांवर नेब्रास्काचा हिवाळा काढायचा.

न्यारिएक: म्हणून तर त्यांचा पाय कापावा लागला.

बिएल: पी गं मुकाट्यानं. आता ऐक. मला एक भाऊ होता. कुएथ. इथिओपियातनं सुदानाकडं पळताना गिलो नदीला आलो तेव्हा मी बाराचा, तो एकोणीसचा. मागनं गोळ्या, पुढं पाणी. पल्याड मी निघालो. तो न्हाई निघाला. त्यातलं बाकीचं मी कुणाला सांगत न्हाई, तुलाबी सांगणार न्हाई.

न्यारिएक: मी विचारलंही नाही.

बिएल: गोष्ट त्याच्या पुढची हाय. कुएथ गेला तो बिनलग्नाचा. आता सांग, बिनलग्नाचा गडी मेला तर आपल्या नुएर लोकांत काय करतात? बघू, ओमाहात वाढलेल्या पोरीला येतंय का.

न्यारिएक: धाकटा भाऊ त्याच्या नावानं लग्न करतो. एवढं येतं मला.

बिएल: आणि गुरं?

न्यारिएक: मुलीच्या घरी गुरं जातात ती मेलेल्याच्या नावानं. बायको त्याची, मुलं त्याची. धाकटा नुसता बदली कामगार.

बिएल: आगं वा! बरोबर बोललीस. बदली कामगार. आईनं चोवीस गुरं राखली होती कुएथची म्हणून. लढाईत, दुष्काळात. आम्ही झाडाचा पाला उकडून खाल्ला, पण त्यातलं एक वासरू विकलं न्हाई. ती सगळी नवरीच्या, न्याडाकच्या, बापाच्या दारात गेली. सगळ्या गावादेखत म्हाताऱ्यांनी नाव घेतलं, हे कुएथचं लग्न. मग दुओप झाला, न्यापाल झाली. दुओप कुएथ, न्यापाल कुएथ. मला काका म्हणतात.

न्यारिएक: आणि तुमचं स्वतःचं लग्न?

बिएल: ते व्हायचंच राहिलं. आधी थोरल्याचं, मग माझं. माझी गुरं जमायच्या आधी पळावं लागलं केनियात.

न्यारिएक: म्हणजे आपल्या लोकांच्या लेखी तुम्हाला मूलच नाही.

बिएल: न्हाई. चव्वेचाळीस वर्षांचा बिनपोराचा बाप्या. आता खरी गोष्ट. तिथं निर्वासितांच्या छावणीत अमेरिकेसाठी मुलाखत होती. साहेब विचारतो, ही बाई कोण? म्हटलं, भावाची बायको. भाऊ कुठाय? म्हटलं, मेला. कधी? ते सांगितलं. आणि ही पोरं कुणाची? म्हटलं, भावाची. साहेबानं बोटं मोजली. म्हणाला, भाऊ मेल्यावर तेरा वर्षांनी त्याला पोरगा झाला? म्हटलं, व्हय साहेब, मधे लढाई होती, उशीर झाला.

न्यारिएक: काका! "उशीर झाला"?

बिएल: मग? झालाच होता की.

न्यारिएक: दुभाष्यानं काही समजावलं नाही?

बिएल: तो केनियाचा पोरगा, आपला न्हाई. त्याला आमचं काय ठावं? तो हसायला लागला. मग साहेब हसला. सगळे हसतात म्हणून मीबी हसलो. मला वाटलं, काम झालं.

न्यारिएक: अरे देवा.

बिएल: मग आईला वेगळ्या खोलीत नेलं. तीबी तेच बोलली, माझ्या थोरल्याची बायको, माझ्या थोरल्याची पोरं. आमच्या दोघांचं इतकं जुळलं की साहेब म्हणाला, पढवून आणलंय. मला आणि आईला विमानात बसवलं. न्याडाकच्या आणि पोरांच्या कागदावर लिहिलं, खोटी माणसं. म्हणाले, तुम्ही पुढं व्हा, यांचं मागनं बघू. बारा वर्षं झाली. दुओप सात वर्षांचा होता. तारेपलीकडनं हात करत होता, एका पायात चप्पल.

न्यारिएक: तुम्ही तेव्हाच म्हणायला हवं होतं की मुलं माझी आहेत.

बिएल: का म्हणू? खोटं बोलू?

न्यारिएक: खोटं कसं? थुंकीच्या डीएनए तपासणीत आलंय ना, बाप तुम्हीच.

बिएल: ते मला कापसाच्या बोळ्यानं सांगायला नको. कुणी कुणाजवळ झोपलं ते आम्हाला ठावं हाय. बाप कोण ते गुरं ठरवतात. दुसऱ्याच्या शेतात पेरलं म्हणून शेत माझं होतं का?

न्यारिएक: अमेरिकेत होतं, काका.

बिएल: व्हय. हितं होतं. शुक्रवारी वकीलबाई उठून उभी राहिली. माझा हात धरला. म्हणाली, अभिनंदन, मुलगा तुमचा आहे. असं म्हणाली. मुलगा तुमचा.

न्यारिएक: मग?

बिएल: मग काय. मी सही केली.

न्यारिएक: काका, डोळे पुसा. इथं कुणी बघत नाही.

बिएल: त्याचं न्हाई गं. मला बरं वाटलं. तेच सांगतोय तुला. वाईट वाटायला हवं होतं, तर बरं वाटलं. बसमधनं येताना मी मनात म्हणून बघितलं, दुओप बिएल. चार-पाच वेळा म्हटलं. मोठ्यानंबी म्हटलं एकदा. शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली.

न्यारिएक: मग त्यात वाईट काय?

बिएल: काल मांसाच्या कारखान्यात उभा होतो. माझ्यापुढनं दिवसाला दोन हजार जनावरं जातात, सोललेली, लोंबत. आपल्याकडं एक बैल कापायचा तर आधी त्याच्या पाठीला राख चोळतात, मेलेल्यांची नावं घेतात. हितं राख कुठली? मी तोंडातल्या तोंडात कुएथचं नाव घेतो. बारा वर्षं. मुकादम म्हणतो, बिएल, गाणं बंद कर. काल नाव तोंडात आलं, पण त्याचा चेहरा डोळ्यापुढं येईना. सुरी हातात तशीच. मागचा मेक्सिकन ओरडायला लागला.

न्यारिएक: च्या गार होतोय तुमचा.

बिएल: होऊ दे.

न्यारिएक: आता माझं ऐका. या कागदात चार ओळी आहेत. न्याडाक ही बिएलची बायको. दुओप आणि न्यापाल ही बिएलची मुलं. कुएथ लग्न न होता मेला, त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. आणि छावणीत आम्ही जे सांगितलं ते खोटं होतं. तुमची सही झाली. आजीही तेव्हा तेच बोलली होती, म्हणून तिचाही अंगठा लागतो. उद्या दिला नाही तर फाईल कायमची बंद. यात माझ्या हातात काही नाही.

बिएल: चार वर्षांमागं चर्चमधल्या थोआननं वाचला होता असलाच कागद.

न्यारिएक: मग?

बिएल: कुएथला मूल न्हाई, इथपर्यंत आला आणि आईनं उकळता च्या फेकला त्याच्या अंगावर. म्हणाली, माझ्या लेकाला दुसऱ्यांदा बुडवताय. तीन दिवस अन्नाला शिवली न्हाई. मी हात जोडले, पाय धरले. थोआन त्या दिवसापासनं आमच्या जिन्यात पाऊल टाकत न्हाई.

न्यारिएक: आता नीट सांगितलं तर ऐकेल. नातवंडं येणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

बिएल: ती म्हणंल. तिला नातवंडं हवीत, पण कुएथची. कुएथच्या नावाचं कुणी उरलं न्हाई तर तो कुठं जाईल, असं विचारते मला. मी काय सांगू?

न्यारिएक: न्याडाककाकू काय म्हणते?

बिएल: फोनवर ओरडली परवा. म्हणाली, मला कुणाचीबी बायको लिहा, पण लिहा. छावणीत आता निम्मंच धान्य देतात. आणि तिच्या भावानं न्यापालचं लग्न ठरवलंय. गुरं बघून आला.

न्यारिएक: न्यापाल सोळाची आहे ना?

बिएल: आणि नवरा माझ्याहून थोराड. दोन बायका आधीच्या. या महिनाअखेरीला घेऊन जाणार. हितला कागद निघाला, तर न्याडाक म्हणू शकते की पोरगी अमेरिकेला चाललीय, बाप बोलावतोय. मग कुणी हात लावणार न्हाई. न्हाई निघाला तर तिच्याकडं सांगायला काय हाय? बाप नदीत हाय?

न्यारिएक: हे वकीलबाईंना सांगितलंत?

बिएल: सांगितलं. ती म्हणाली, मग लवकर आणा आईचा अंगठा.

न्यारिएक: काका, खरं सांगा. रुओतची मुलगी दुभाषी झाली म्हणून कौतुकानं नाही बोलावलंत तुम्ही मला. वकीलबाईंकडं दोन दुभाषी आहेत. तुम्ही माझंच नाव घेऊन मागितलंत.

बिएल: तू आपली हायस.

न्यारिएक: हे बघा. कागदाच्या तळाला ही जागा कुणाची? माझी. मी शपथेवर लिहून देते की शब्दन् शब्द तिच्या भाषेत वाचून दाखवला, तिला समजला, मग तिनं अंगठा दिला. याच कामावर माझं घर चालतं. आणि नोकरीचं सोडा. तेव्हा छावणीत तुम्ही खरं बोललात आणि त्यांनी खोटं ठरवलं. आज मी काही गाळलं, तर ते खरोखरच खोटं होईल.

बिएल: मी अजून काही मागितलं का?

न्यारिएक: नाही. म्हणून आधीच सांगतेय.

आजी: (आतून) कोण हाय रे बाहेर? कुणाचा आवाज?

बिएल: उठली. ये आई, हळू. उंबऱ्याला गालिचा हाय, पाय अडकंल. माझा हात धर.

आजी: सोड हात. आंधळी झाले, लंगडी न्हाई झाले. कोण गं तू?

न्यारिएक: न्यारिएक, आजी. रुओतची धाकटी.

आजी: पाय कापलेला रुओत? बरा माणूस. आळशी, पण बरा. जवळ ये बघू. हात कसे गार पडलेत! काय खातेस की न्हाई? बिएल, हिला ज्वारीचा कोप वाढ. दुधात कालवून वाढ.

न्यारिएक: जेवून आलेय आजी, खरंच.

आजी: सरकारी कागद घेऊन आलीस ना? मला कानानं सगळं कळतं. त्या कागदानं पोरं येणार?

न्यारिएक: हो आजी. अंगठा दिलात तर येतील.

आजी: त्या थोआनसारखं वाकडंतिकडं लिहिलेलं न्हाई ना? तो गाढव म्हणत होता, माझ्या कुएथला कुणी न्हाई. चोवीस गुरं मी माझ्या हातानं सोडली. पांढरपाठीचा बैल पुढं होता, तो जाईना, माझ्याकडं वळून वळून बघायचा. आणि म्हणे कुणी न्हाई.

बिएल: आई, आधी पाणी पी.

आजी: तू गप. मी पोरीला विचारतेय. कुएथचं नाव हाय ना गं त्यात?

न्यारिएक: आहे आजी. नाव आहे.

आजी: दुओपचं कपाळ अगदी बापासारखं. तुला ठावं न्हाई, तू कुएथला कुठं बघितलंस. रुंद, मधे खळगा. दुओप आला की मी हातानं चाचपून बघणार. तेवढ्यासाठी जगतेय मी हितं, या बर्फात. बिएल बिचारा भला हाय, भावाचं घर चालवलं त्यानं. पण कुएथ परत दारातनं आत यायला हवा मला.

बिएल: येईल, आई.

आजी: थांबा. मी हात धुऊन येते. लेकाच्या नावाला बोट लावायचं, मळका हात न्हाई चालायचा त्याला. न्हाई, तू नको येऊस, भिंत धरून जाते मी. न्हाणीघर मला पाठ हाय.

न्यारिएक: काका, मी कसं वाचू हे तिच्यासमोर?

बिएल: हळू बोल.

न्यारिएक: तुम्ही सांगा तिला. तुम्ही मुलगा आहात. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला.

बिएल: बारा वर्षं तोंड उघडतोय आणि मिटतोय. अंगठा न्हाई मिळाला तर न्यापाल गेली. आणि आईला खरं कळलं तर ही गेली. मला दोन्हीतलं एक बी सोसत न्हाई. मी तुला आधीच सांगायला हवं होतं, पण गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाकडं असलं मागता येतं का? खोट्याखाली सही तुझी जाईल, मला कळतं. पाप माझ्यावर घाल म्हणून सांग देवाला.

न्यारिएक: काका...

बिएल: नळ बंद झाला बघ. पोरी, कागद समोर धर, नजर त्याच्यावरनं हलवू नकोस, आणि छावणीत ती जे बोलली होती, माझ्या थोरल्याची बायको, माझ्या थोरल्याची पोरं, तेवढंच तिला वाचून दाखव.