मौन धरून घारापुरीला

संपात गिरणी बंद पडल्यावर यांनी जुनी शिडाची होडी घेतली, तेव्हा मी नवस बोलले होते, मालू, की होडी चालवायला शिकलो तर जोडीने, वाटभर मौन धरून, घारापुरीच्या महादेवाला बेल वाहू.

निघालो एकदाचे. घारापुरी जवळ आली आणि हे हातवारे करू लागले. मला वाटलं, शिडाचा दोर ओढायचाय. ओढला. होडी कलंडली, बेल पाण्यात!

"अगं, सोड म्हणतोय!" हे ओरडले, आणि मौन मोडलं.

मी म्हटलं, "चला तसंच. देव काय मुकादम आहे, चुका धरायला?"

"नको. तुझा नवस पुरता फेडू, पुढल्या सोमवारी."

त्याआधीच होडी विकावी लागली. आता हेही नाहीत.

तूही जोडीने जायचा नवस बोल, मालू. फक्त वाटेत दोघं भरपूर बोला.