देवाकडचा जनरेटर

१९७४ साल. कारंज्याकडच्या एका मिशन दवाखान्यात माझ्या शेजारी बाकावर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले उकंडराव बायकोसह बसले होते.

“मनकर्णे, कापाच्या आधी हा डॉक्टर डोये मिटते म्हन्तेत!”

“अवो, प्रार्थना करते तो. माह्या वक्ती बी केली.”

“देवाले काय मांगते?”

“आधी जनरेटर, मंग पेशंटचा जीव.”

“जनरेटर कायले?”

“मंधातच लाइट जाते ना!”

“मंग देल्ला का देवानं?”

“चार सालापासून मांगून राह्यला. जनरेटर काही आला नाही. पेशंट मात्र सारे जित्ते घरी गेले.”

“म्हंजे देव दोनातलं एकच देते?”

“तसंच दिसते.”

उकंडरावांनी लगेच हात जोडले.

“देवा, आजच्या दिवस जनरेटर नको धाडू!”