संपात जागा न्हाई

आमच्याकडचा संप ऐकलात का? लातुरात माझ्या सासऱ्यांचे कोचिंग क्लासेस आहेत. पालकांवर छाप पडावी म्हणून तिथे समुद्री मासे ठेवलेत. टाकीखालच्या पाणी गाळायच्या कप्प्याला 'संप' म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. मामंजींना माहीतच नव्हतं.

आमचे हे फोनवर दुकानदाराला सांगत होते, "संपात जागा न्हाई, बुटका स्किमर द्या. त्यानं पाण्यातली घाण न्हाई काढली तर सगळे जातेत!"

मामंजींनी 'संप' आणि 'सगळे जातेत' एवढंच ऐकलं. परीक्षा तोंडावर! त्यांनी लगेच सरलोकांना गाठलं. "संप कशाला करायलाव? रविवारी सुट्टी घ्या की!"

स्किमर अजून बसायचाय. पण रविवारची सुट्टी मिळालेले फिजिक्सचे सर येता-जाता विचारतात, "वहिनी, माशांचं आणखी काही बिघडलंय का?"