ठोके चालू राहिले

सन्माननीय अध्यक्ष कुओ साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सिंचूच्या आपल्या चिप विभागातील मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आपल्या त्सेंग हुई-लानताई,

जेवण थंड होतंय, हे मला दिसतंय. तरी एक प्रसंग सांगितल्याशिवाय ताईंना निरोप कसा द्यायचा?

रुग्णवाहिकेतल्या, हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रासाठी आपण आठ कोअरची, म्हणजे आठ कामकरी भागांची चिप करत होतो. कोणत्या कोअरनं काय करायचं, हे आधीच ठरवून टाकावं, असं सगळ्यांचं मत. ताईंचं म्हणणं वेगळं. चिपनं काम करता करताच बघावं, कोण तापलंय, कोण रिकामं आहे, कोणतं काम थांबून चालणार नाही. आणि त्याप्रमाणे वाटणी बदलत राहावी.

कुओ साहेब म्हणाले, “चिपला डोकं द्यायचं, आणि ती आपल्याच डोक्यावर बसली तर?”

ताई म्हणाल्या, “साहेब, बिनडोकांना आपण बढत्या देतोच की!”

हसा, हसा. साहेबही तेव्हा हसले होते, पण चाचणीला एकच उन्हाळा दिला. तो गेला, की काम बंद.

म्हणून मी आणि ताई अलीशानच्या घाटात रुग्णवाहिकेतून फिरत होतो. नेहमीच्या यंत्राशेजारी आमचं यंत्र. एका दुपारी चहाच्या मळ्यातल्या लो आजींना छातीत कळ आली. त्यांना घेऊन उतरताना गाडीचा एसी बंद पडला. आत भट्टी झाली. नेहमीचं यंत्र तापून विझलं. पाठोपाठ आमच्या यंत्रावरून सोनोग्राफीचं चित्र गेलं.

परिचारक आ-होंग ओरडला, “गेलं! तरी म्हणत होतो, शहरातली खेळणी इथं आणू नका!”

ताईंचा आवाज चढला नाही. “चित्र जाऊ दे, आ-होंग. चिपनंच ते बाजूला ठेवलंय. ठोक्यांची रेघ बघ.”

रेघ चालू होती. आणि बघता बघता ती वेडीवाकडी झाली. आ-होंगनं क्षणाचाही विलंब न लावता विजेचा झटका दिला. त्यानं ‘हात काढ’ म्हणेपर्यंत मी आजींचा हात घट्ट धरून बसलो होतो. दुसरं मला काय येत होतं? रेघ पुन्हा लयीत आली, तेव्हा आ-होंग ताईंना एवढंच म्हणाला, “खेळणं राहू दे गाडीत.”

पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेत बघतो तर काय, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आपण ठेवतो ते खाऊचं हिरवं पाकीट आमच्या चिपशेजारी कुणीतरी ठेवलेलं. कुणी, ते कुओ साहेब सांगणार नाहीत. काम मात्र बंद झालं नाही. डोंगराळ भागातल्या रुग्णवाहिकांत या वर्षी हीच चिप बसतेय.

ताई आता च्यायीच्या तंत्रशाळेत शिकवायला निघाल्यात. मी विचारलं, “ताई, एवढं उभं केलेलं सोडून जाताना जीव तुटत नाही?”

म्हणाल्या, “अरे, मी नसताना चालावं म्हणूनच तर केलं ना ते!”

ताई, चालेल. तुम्ही निर्धास्त जा.

आपण सर्वांनी जेवण थांबवून ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला चिमटा बसला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.