बाबांचं शेवटचं मत

परदेशात, पॅरामॅटा उपनगरातल्या शाळेत, मतदानाच्या रांगेत मागून “बाबा” अशी हाक आली, तशी सुखदा चटकन वळली. पण मराठी कोणी नव्हतं; कुणी बापलेक इंग्रजीत बोलत होते.

“माझं तर हे पहिलंच. पॅलेस्टाईनमध्ये तुम्ही शेवटचं मत कधी दिलंत, बाबा?”

“दोन हजार सहाला, रामल्लात. तुझा जन्मही नव्हता.”

“आणि नंतर?”

“नंतर मोठी निवडणूक झालीच नाही. तिथले दोन मोठे पक्ष आपसात भांडत बसले, खुर्ची मात्र कोणी सोडली नाही.”

“तुम्ही कुठल्या पक्षाला दिलं होतं?”

“नको विचारूस. लाज वाटते.”

“आईसुद्धा हेच म्हणते. म्हणजे दोघांनी एकालाच दिलं होतं?”

“छे गं! त्यावरून तर महिनाभर अबोला होता आमच्यात.”