हात मागं बांधून

मी मूळची पुनतांब्याची, गोदावरीच्या काठची. वडलांची शेती, आमी चार बहिनी, आन् वडील म्हनायचे एक तरी पोरगी दवाखान्यात लागू दे, म्हंजी म्हातारपनी मला डॉक्टरची भीती वाटायची न्हाई. अशी मी नर्स झाले. लगीन संगमनेरकडं झालं आन् तिथल्याच सरकारी दवाखान्यात माझी हयात गेली, बाळंतपनं करन्यात. काय सांगू तुमाला, ज्या पोरी माझ्या हातावर जन्मल्या त्याच पोटुशी हून परत माझ्याकडं आल्या. लोक म्हनायचे बाईला हातगुन हाय. मला बी ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर पन्नाशी उलटल्यावर सरकारला जाग आली आन् मला बढती दिली. आमच्या ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. मला मातर धडकी भरली. कारन आता मी सुपरवायझर, म्हंजी आपुन करायचं न्हाई, नव्या सिस्टरांकडून करून घ्यायचं. नगरला ट्रेनिंगला बोलावलं, तिथली मॅडम माझ्या लेकीच्या वयाची, ती म्हनली आजपासून तुमचे हात रिटायर, आता तोंड चालवा. सगळ्या हसल्या. मी हसले न्हाई. मला बाळंतपन करता येतं हो, पर कसं करते ते सांगता येत न्हाई, ते माझ्या हातालाच म्हाईत. पयल्या मिटिंगला बोलायला उभी राहिले तर समोरच्या पोरी मोबाईलवर सगळं बघून आलेल्या. ह्यांच्यापुढं चुकले तर, ही एक भीती. पर त्याहून मोठी भीती निराळीच हुती.

रूपाली म्हनून एक नवी सिस्टर आली, श्रीगोंद्याकडची, हुशार, पर हात कापायचा तिचा. तिचा हात थरथरला की मी म्हनायची सर बाजूला, आन् आपुनच करायची. माझ्या डोळ्यादेखत बाईला न्हाईतर बाळाला काय झालं तर, हे माझ्या छातीत बसलेलं. मग झालं काय, केस आली की रूपाली आपसूक बाजूला व्हायची आन् हातमोजे माझ्यापुढं धरायची. एकदा आमचे डॉक्टर म्हनले, बाई, तुमी रिटायर झाल्यावर ह्या बायांनी कुनाकडं जायचं? ते बोलनं मी घरी घेऊन गेले. भाकरी थापताना बी तेच डोक्यात.

तर एका दुपारी पहिलटकरीन आली. तिची सासू दारातच म्हनली, माझा ल्योक तुमच्याच हातचा हाय, सुनंचं बी तुमीच करायचं, त्या नव्या पोरीला हात लावू द्यायचा न्हाई. मी म्हनलं रूपालीच करील, मी शेजारी उभी हाय. म्हनले खरी, तरी हातमोजे जवळ काढून ठेवले आन् दोन्ही हात मागं बांधून उभी राहिले, साळंत मास्तर उभं करायचे तशी.

बाळ झालं ते निळं. रडंना. रूपालीनं माझ्याकडं बघितलं आन् ती बाजूला सरायला लागली, सवय मीच लावलेली ना. मी म्हनलं सरू नको. पूस त्याला. पाठ चोळ. तरी रडंना. म्हनलं हवेची पिशवी घे, नाकातोंडावर मास्क लाव आन् हवा दे. तिनं दिली तर छाती हलंना, हवा बाजूनं निसटत हुती. आता बास, हिला ढकलावं, असं मनात आलं, माझा एक हात सुटला बी हुता. पर बघते तर तिचा हात कापत न्हवता, माझाच कापत हुता. मी म्हनलं हनुवटी जरा उचल, मास्क घट्ट धर. छाती हलली. दाब, सोड, परत दाब. आन् ते रडलं, आधी मांजराच्या पिल्लावानी बारीक, मग मोकळं. मी भिताडाला टेकले.

घरी सोडताना सासूनं माझी ओटी भरायला नारळ आनला. मी म्हनलं हिची भरा. भरली त्यांनी, पर जाता जाता पुटपुटल्या, बाई उभ्या हुत्या म्हनून निभावलं. रूपालीनं ऐकलं, हसली नुस्ती.

तवापासून मी तशीच उभी राहते, हात मागं. पोरी शिकल्या. भीती गेली का म्हनाल तर न्हाई गेली, उलट वाढली, आपल्या हातानं करताना भ्यायला सवड तरी कुठं असायची.

आन् आता माझ्याच सुनंचे दिवस भरत आलेत. ल्योक म्हनतो आई, तू असताना दुसऱ्याच्या हाती कशाला. मी म्हनलं रूपाली करील. बोलून बसले आन् झोप उडाली. परवा रूपालीला म्हनलं, मी शेजारी राहीन, हात मागं बांधून. ती खाली मान घालून म्हनली, बाई, राग मानू नका, पर त्या दिवशी तुमी सासू, सुपरवायझर न्हाई. तुमी बाहेर बाकड्यावर बसा. मी तिच्याकडं बघू का तुमच्याकडं?

लई राग आला मला. पर खोटं काय हुतं त्यात? तर बाहेर बसायचं ठरलंय, त्याच बाकड्यावर, जिथं एवढी वर्सं मी लोकांच्या सासवा बसवल्या, गप बसा म्हनून दटावलं. त्या तिथं बसून कशा जीव मुठीत धरत असतील, मी कदी इचारलं न्हाई. आता कळंल. देवा, त्या पोरीच्या हाताला यश दे, दुसरं काय मागू.