पाचवी सुई

हाजेर : पुन्हा मोजा, जाऊबाई.

मुनेव्वर : तीनदा मोजल्या. पाच सुया घेऊन बसलो, चारच उरल्या. ओढणीत बघ.

हाजेर : बघितलं. इल्यास रडला म्हणून मी सुई रजईतच टोचून उठले. परत येते तोवर तुम्ही अस्तराची कड शिवून घडीसुद्धा घातलेली.

मुनेव्वर : म्हणजे चूक माझी?

हाजेर : कुणाचीही असू दे. नवरीकडच्या बायका खाली चहा पितायत. पेले खाली ठेवले की वर येतील आणि नवरीची कूस लवकर उजावी म्हणून रिवाजाप्रमाणे माझ्या लेकराला या रजईवर लोळवतील. सात महिन्यांचं पोर ते, आणि सुई बोटाएवढी.

मुनेव्वर : अस्तर उसवू.

हाजेर : अस्तरात नाहीये, मी चाचपलं. लोकरीत उतरलीय. वरचे टाके आईंच्या आजेसासूच्या हातचे, या घरातली प्रत्येक नवरी त्यांच्याखाली झोपली. त्यांना कात्री लावली तर आई आपल्यालाच उसवतील.

मुनेव्वर : मग सांगू, बाळाला ताप आलाय.

हाजेर : शेजारणीचं आणतील. ते काय कापसाचं आहे?

फेहिमे : कुणाचं बाळ कापसाचं?

मुनेव्वर : आई, तुम्ही कधी आलात वर?

फेहिमे : गुडघे जिना हळू चढतात, कान आधीच पोचतात. खाली व्याह्यांकडच्या बायकांना या लोकरीच्या मेंढ्याची गोष्ट सांगत होते. एर्झुरुमहून चारशे कोस चालत आला, दारात उभा राहिला नि म्हणाला, घ्या, कातरा मला.

मुनेव्वर : मागच्या लग्नात दोनशेच कोस चालला होता.

फेहिमे : तेव्हा दमला होता. हाजेर, तुझं तोंड का पांढरं पडलंय?

हाजेर : आई, रजईत सुई राहिली. माझ्या हातून.

फेहिमे : दाराला कडी घाल.

मुनेव्वर : अहो, त्या येतील एवढ्यात.

फेहिमे : येऊ देत. रजई पसरा. मला हात द्या खाली बसायला.

हाजेर : काय करताय?

फेहिमे : बाळाच्या आधी मी लोळते. माझ्या कातडीत टोचायला सुईलाच धीर लागेल.

(फेहिमे रजईवर आडवी होते आणि वीत-वीत सरकत लोळू लागते.)

मुनेव्वर : सावकाश, आई. अल्ला, बघवत नाही.

फेहिमे : मग बघू नकोस. थांब. इथे, कमरेपाशी. ओढ, हाजेर.

हाजेर : आली. आई, पण ही आमची नाही. आमची तोकातच्या बाजारातली, कोरी होती. ही गंजून काळी पडलीय.

फेहिमे : आण इकडे.

मुनेव्वर : कुणाची ही?

फेहिमे : माझी. दिराच्या लग्नात मी अस्तर टाचलं होतं. तुझा नवरा पाच महिन्यांचा होता तेव्हा. सासूला सांगायची छाती झाली नाही.

मुनेव्वर : आणि तरी त्याला लोळवलंत?

फेहिमे : त्याला, पुढे हाजेरच्या नवऱ्याला, मग तुझ्या दोघांनाही. दर वेळी मी डोळे गच्च मिटायचे. बायका म्हणायच्या, फेहिमे दुआ किती मनापासून मागते.

हाजेर : आई, जिन्यात पावलं वाजतायत.

फेहिमे : सांग, म्हातारी रजईला दुआ देतेय, वेळ लागेल. बाळाला घट्ट धर. आणि मुनेव्वर, मला दुसऱ्या कुशीवर वळव, तुमची अजून आतच आहे.